एनव्हीडीए : अर्थशास्त्राच्या एम.ए.साठी वापरलेला फुकटचा वाचक

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन रीडर, डोळे झाकून घ्या. (हा विनोद आमच्यात चालतो.) एक रुपया लागत नाही, जुन्या लॅपटॉपवर चालतो, आणि ऑनलाइन शिकणाऱ्या अंध मुलामुलींचं त्याच्यावाचून पान हलत नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. ज्या विद्यापीठाच्या ऑनलाइन एम.ए.साठी मी तो वापरते, त्याला मात्र दोनच, आणि त्यातला एक तिथल्या एका मॅडमसाठी राखून ठेवलेला. विद्यापीठ नाशिकचं नाही एवढंच सांगते. नाव घेत नाही, मला अजून डिग्री घ्यायची आहे.

मी नाशकात सिडकोत राहते, एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे, जन्मापासून दिसत नाही. बी.ए. झाल्यावर नोकरी लागली आणि पुढचं शिक्षण राहिलं. नाशकात १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे, त्यामुळे नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बाईचं इथे कुणाला नवल नाही. आमच्या बँकेतच शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत कुणी ना कुणी कसला तरी फॉर्म भरत असतो. मला अर्थशास्त्र हवं होतं, आणि संध्याकाळी घरी बसून तासाला हजर राहता यावं असं हवं होतं. सिडकोतून कॉलेज रोडला जाऊन रात्री परत येणं मला जमतं. पण रोज खोदलेला रस्ता रोज नव्याने पाठ करायचा कंटाळा येतो.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी : स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर जे काही अक्षराच्या रूपात आहे ते बोलून दाखवणारा प्रोग्राम. माउसला हात लावायचा नाही, सगळा कारभार कीबोर्डवर. एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. स्क्रीन रीडर विकत घ्यायचा तर तो कॉम्प्युटरपेक्षा महाग पडायचा, हे दुखणं त्यांना स्वतःला माहीत होतं, म्हणून त्यांनी तो मोफत आणि मुक्त स्रोत ठेवला. नाव ऐकलेलं असतं तो दुसरा म्हणजे जॉज. तो उत्तम आहे, बऱ्याच कार्यालयांत तोच असतो, पण त्याचे पैसे मोजावे लागतात आणि विद्यार्थ्याला ते मोजायचं कारण मला तरी सापडलेलं नाही. ज्याला शिकून घ्यायचाय त्याने सातपूरला नॅबच्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) महाराष्ट्र युनिटकडे चौकशी करावी. शहरातल्या बहुतेक अंध मुलांना हा पत्ता तोंडपाठ असतो.

माझा लॅपटॉप महात्मा गांधी रोडवरून घेतलेला जुनाच आहे. विकणाऱ्याने पडदा किती छान आहे हे मला बराच वेळ समजावून सांगितलं. मी फक्त कीबोर्ड चाचपला. ही गोष्ट लक्षात ठेवा : एनव्हीडीएच्या बहुतेक आज्ञा इन्सर्टचं बटण धरून द्यायच्या असतात, आणि छोट्या लॅपटॉपवर ते बटण कुठल्या तरी कोपऱ्यात असतं किंवा नसतंच. पहिल्यांदा सुरू करताना जी चौकट येते तिथेच ‘कॅप्स लॉक’ वापरायचं ठरवून घ्या, डाव्या हाताची करंगळी तुम्हाला दुवा देईल.

वेब पानावर तर तो वाऱ्यासारखा पळतो. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक, टी दाबलं की तक्ता, एफ दाबलं की फॉर्मचा रकाना. इन्सर्ट किंवा कॅप्स लॉकसोबत एफ सात दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंका आणि शीर्षकं एका यादीत हजर. पान नीट बांधलेलं असेल तर मला हवं ते मी डोळस माणसाच्या आधी शोधते, बँकेतल्या पोरांशी पैज लावून सिद्ध केलेलं आहे. पान नीट बांधलेलं नसेल तर ऐकू येतं : ‘बटन. बटन. बटन. ग्राफिक. बटन.’ आमच्या विद्यापीठाच्या पोर्टलवर फी भरायचं बटण यातलंच एक आहे. कुठलं ते मी मोजून पाठ केलंय.

आवाजाबद्दल अर्धा मार्क कापलाय. सोबत मिळणारा ईस्पीक एनजी मराठी बोलतो, पण यंत्रासारखा बोलतो, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो मराठी आहे हे सांगावं लागतं. त्याचा गुण वेगळाच आहे : वेग कितीही वाढवला तरी शब्द फुटत नाहीत. मी ज्या वेगाने ऐकते तो ऐकून आई म्हणते, पत्र्यावर गारा पडतायत की काय. सवयीने कान तयार होतो. नोट्स चाळायच्या असतील तर मला ईस्पीकच हवा. सलग प्रकरण निवांत ऐकायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये फाइल उघडते आणि ‘रीड अलाउड’ लावते. तिथे आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, माणसासारखे. आरोहीने वाचलेला अर्थतज्ज्ञ केन्स स्वयंपाकघरातून आईनेही ऐकला आहे आणि तिचं मत त्याच्याबद्दल बरं आहे.

आता वर्ग. हे नीट वाचा, कारण इथे एनव्हीडीएचा दोष नसताना लोक त्याला दोष देतात.

झूम असो की मीट, आत जाणं, माइक बंद-चालू करणं, हात वर करणं, सगळं कीबोर्डवर होतं. झूममध्ये ऑल्ट आणि ए, मीटमध्ये कंट्रोल आणि डी, झाला माइक चालू. पंचाईत पुढे आहे. सर बोलत असतात आणि त्याच कानात एनव्हीडीएसुद्धा बोलत असतो. साठ जण चॅटमध्ये ‘प्रेझेंट सर’ लिहितात आणि हा इमानदार प्राणी साठही वेळा ते वाचून दाखवतो. तोवर सर मागणीच्या लवचिकतेवरून पुढे निघून गेलेले असतात. उपाय आहेत. झूमच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणून भाग आहे, तिथे चॅटच्या सूचना बंद करता येतात. तेवढं करायचं नसेल तर इन्सर्टसोबत एस दाबून एनव्हीडीएलाच गप्प बसवता येतं, पुन्हा एस दाबत गेलं की बोलायला लागतो. सर फार हळू बोलत असतील तर इन्सर्ट, शिफ्ट आणि डी वापरा : एनव्हीडीए बोलायला लागला की बाकीचा आवाज खाली जातो, किंवा जात नाही, तुम्ही ठरवाल तसं.

ज्यावर पुरता उपाय नाही ते म्हणजे स्क्रीन शेअर. सरांच्या पडद्यावरचं पॉवरपॉइंट माझ्या लॅपटॉपवर येतं ते चित्र म्हणून, चलचित्र म्हणून. त्यात अक्षरं असली तरी ती माझ्या बाजूला अक्षरं राहात नाहीत. एनव्हीडीएला त्यातलं आपोआप काहीही मिळत नाही. ‘हे इथे बघा, हा असा वर गेला, म्हणून हा इकडे सरकला.’ अर्थशास्त्राचा संपूर्ण तास ‘हा’, ‘हे’, ‘इकडे’ यांवर चालू शकतो हे मला एम.ए.ला आल्यावर कळलं. एका सरांना विनंती केली की जे दाखवता ते बोला. त्यांनी मनापासून हो म्हटलं आणि पुढच्या तासाला ‘आता ताईंसाठी सांगतो’ अशी सुरुवात करून पुन्हा ‘हा असा वर गेला’ म्हणाले.

राखून ठेवलेला मार्क ज्यांचा, त्या मॅडम वेगळं काही करत नाहीत. ‘उभ्या अक्षावर व्याजदर, आडव्या अक्षावर उत्पन्न, आयएस वक्र डावीकडून उजवीकडे उतरतोय, एलएम चढतोय,’ एवढं बोलतात. (आयएस म्हणजे वस्तूंच्या बाजाराचा वक्र, एलएम पैशाच्या बाजाराचा.) आणि तासाच्या आदल्या दिवशी वर्ड फाइल पाठवतात, तिच्यात शीर्षकांना शीर्षकाचीच स्टाइल दिलेली. वर्गातली सिन्नरची एक मुलगी, तिला चांगलं दिसतं, ती म्हणते की मॅडमचा तास तिला सगळ्यात जास्त कळतो.

आकृतीचं काम मात्र शेवटी घरातच झालं. मॅडमचं वर्णन आणि सिन्नरच्या मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज ऐकून आईने पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने आयएस आणि एलएम चिकटवले. पहिल्यांदा एक लाल लोकरीचा, एक हिरव्या लोकरीचा. मी म्हटलं, आई, मला दोन्ही लोकरच लागतेय. मग एलएम सुतळीचा केला. आई दहावीपर्यंत शिकलेली आहे. सरकारने खर्च वाढवला की लोकर उजवीकडे सरकते, हे ती आता शेजारणीला सांगू शकते. सूत्रांसाठी मॅथकॅट नावाचं मोफत साधन एनव्हीडीएसोबत वापरता येतं. मी ते इंग्रजीतून ऐकते, छेद-अंश, घात सगळं व्यवस्थित सांगतं. अट एकच : सूत्र वर्डमध्ये सूत्र म्हणूनच टाकलेलं हवं, चित्र चिकटवलेलं नको.

आणि आता फाइली, जिथे माझं अर्धं एम.ए. खर्च झालं.

पीडीएफ म्हटलं की लोकांना सगळ्या सारख्या वाटतात. माझ्याकडे तीन जातींच्या येतात. पहिली, युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळतील अशा अक्षरांत) टाइप करून वर्डमधून काढलेली. ही वाचता येते, देव भलं करो. दुसरी, जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली. पडद्यावर म्हणे सुरेख मराठी दिसतं. आतमध्ये मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांना फक्त मराठीचा अंगरखा घालतो. एनव्हीडीए अंगरखा बघत नाही. तो प्रामाणिकपणे ‘कॅपिटल टी, सेमिकोलन, लेस दॅन’ असं वाचत सुटतो. आपल्याकडे छपाईची किती वर्षं या फाँटांवर गेली आहेत ते आठवा, म्हणजे जुन्या नोट्सचा केवढा साठा माझ्यासारखीसाठी मुका आहे हे कळेल. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण कुठला फाँट होता ते आधी कळायला हवं, आणि ते सांगायला डोळस माणूस हवा.

तिसरी जात फोटोंची. कुणीतरी पुस्तक मांडीवर धरून मोबाइलने पानं टिपलेली असतात. एनव्हीडीए त्यावर एकच शब्द बोलतो : ‘ब्लँक.’ भाऊ म्हणतो एका पानावर अंगठापण आलाय. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की अक्षरं सुटी होऊन मिळतात, मराठीसुद्धा. पान सरळ आणि उजेड बरा असेल तर चांगली मिळतात. तक्ते मात्र मोडतात, तळटीप परिच्छेदाच्या मधोमध घुसते, आणि आकडेवारीचं पान असेल तर कुठलं वर्ष कुठल्या आकड्याचं ते देवालाच ठाऊक. राष्ट्रीय उत्पन्नाचा एक तक्ता मी भावाला तीन वेळा वाचायला लावला. तिसऱ्यांदा त्याने विचारलं की तुम्ही लोक याच्यावर परीक्षा देता?

मी विद्यार्थी कक्षाकडे पुस्तकाची वर्ड फाइल मागितली तेव्हा उत्तर आलं की कॉपीराइटमुळे देता येत नाही. हे उत्तर तुम्हालाही येईल, म्हणून लिहून ठेवा. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम ५२ मध्ये, ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला मोकळीक आहे, नफ्यासाठी नसेल तर. दृष्टिहीनांसाठीच्या २०१३ च्या माराकेश करारावर शिक्कामोर्तब करणारा पहिला देश भारत आहे, २०१४ मध्ये. मी हे दोन्ही मेलमध्ये लिहिलं, भांडणाचा सूर न लावता. फाइल आली. पूर्ण पुस्तकाची नाही, चार प्रकरणांची, पण आली. सुगम्य पुस्तकालयातही नाव नोंदवून ठेवा. २०१६ मध्ये सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय खास आपल्यासारख्यांसाठीच आहे. एम.ए.च्या मराठी संदर्भग्रंथांसाठी मी त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवला नाही, इंग्रजी वाचणाऱ्याचं जास्त भागेल.

परीक्षेबद्दल लिहायचं म्हणजे रक्तदाब वाढतो. अंतर्गत चाचणी ऑनलाइन, बहुपर्यायी, कॅमेरा चालू. परीक्षा घेणारी कंपनी वेगळीच होती, तिचंही नाव नको. त्यांचं सॉफ्टवेअर चेहऱ्यावर लक्ष ठेवतं. मी ऐकताना मान उजवीकडे कलते, ती आयुष्यभराची सवय. लगेच सूचना : कृपया पडद्याकडे पाहा. मान सरळ केली तरी डोळे कुठे बघतायत यावर सूचना. इअरफोनला बंदी, म्हणून एनव्हीडीए स्पीकरवर लावला. तर सूचना : खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज येत आहे. आणि प्रत्येक सूचना आली की एनव्हीडीए प्रश्न सोडून आधी ती वाचतो, कारण त्याचं कामच ते. पर्यायांच्या जागी ‘रेडिओ बटन नॉट चेक्ड’ चार वेळा, पुढे मजकूर नाही. तास संपला तसा पेपर आपोआप जमा झाला.

केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचना तेव्हा होत्या (२०२५ मध्ये त्यांच्या जागी नव्या आल्या), आज लागू असतील त्या छापून नाही तर फाइल करून फोनमध्ये ठेवा. २०१८ च्या सूचनांत होतं : तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, तीन तासांच्या पेपरला एक तास. उत्तरं ब्रेलमध्ये, कॉम्प्युटरवर, मोठ्या अक्षरात की रेकॉर्ड करून द्यायची याची निवड शक्यतो विद्यार्थ्याची. कॉम्प्युटरवर परीक्षा असेल तर तो आदल्या दिवशी तपासू द्यायचा. हे सगळं जोडून मेल टाकला. पुढच्या चाचणीला माझ्यासाठी घड्याळ वाढवलेलं होतं, आणि यंत्राऐवजी एक बाई फोनवरून लक्ष ठेवायला बसल्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, तुमचा तो बोलणारा माणूस चालू राहू द्या, मला काही त्रास नाही. पर्यायांचा मजकूर अजूनही वाचला जात नव्हता. तो त्या बाईंनीच वाचून दाखवला.

सत्राच्या मुख्य परीक्षेला मी लेखनिक घेतला. अकरावीतला मुलगा, हुशार, पण ‘उदासीनता वक्र’ लिहिताना त्याला हसू येत होतं. ऑनलाइन एम.ए.चा पेपर शेवटी कागदावर, दुसऱ्याच्या हाताने. त्यापेक्षा मला वर्ड आणि एनव्हीडीए द्या, मी माझं शुद्धलेखन माझं मी सांभाळते. पुढच्या सत्रासाठी तसा अर्ज केलाय, पोच मिळाली आहे.

फोनबद्दल थोडक्यात : अँड्रॉइडवर टॉकबॅक असतोच, सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्याने नोट्स ऐकायला पुरतो. निबंध लिहायला, तक्त्यात फिरायला लॅपटॉपच लागतो. घरच्यांनी फोनवर भागव म्हटलं तर ऐकू नका.

ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही त्यांनी एनव्हीडीएची पोर्टेबल कॉपी पेन ड्राइव्हवर घ्यावी. ती बसवावी लागत नाही, पेन ड्राइव्ह लावून त्यातला एनव्हीडीए सुरू केला की कॉलेजच्या लॅबमधला किंवा सायबर कॅफेतला विंडोजचा कॉम्प्युटर बोलायला लागतो, आणि तुमचा वेग, तुमचा आवाज, तुमची सेटिंग जशीच्या तशी असतात. काढून घेतला की कॉम्प्युटर पुन्हा होता तसा. परीक्षा केंद्रावर जायच्या आधी मात्र तिथल्या माणसाला फोन करून विचारा, कारण काही ठिकाणी बाहेरचा पेन ड्राइव्ह चालत नाही, आणि काही ठिकाणी चालतो पण ते त्या माणसाला माहीत नसतं.

नवी आवृत्ती वर्षातून साधारण चार वेळा येते. आली की एनव्हीडीए स्वतःच विचारतो. अ‍ॅड-ऑन (एनव्हीडीएला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम) जुनं असेल तर नव्या आवृत्तीत ते बंद पडू शकतं, म्हणून परीक्षेच्या आठवड्यात ‘नंतर’ म्हणा आणि पेपर संपल्यावर सावकाश बसवा.